दोन टक्के वाचवायला गेलो: पुण्यात घर घेताना एजंटच्या बाबतीत या चुका टाळा

"दार उघडून दाखवायचे दोन टक्के?" पुण्यात घराच्या एजंटला द्यायच्या ब्रोकरेजचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला होता आणि वडगाव बुद्रुकचा एक जुना टू बीएचके थेट मालकाकडून घ्यायचं ठरवलं होतं. व्यवहार 62 लाखांचा, म्हणजे दोन टक्क्यांनी सव्वा लाख वाचले. त्या आनंदात आम्ही एक लाखाचं टोकन देऊन टाकलं. मुदत 45 दिवसांची. पावती वहीच्या फाडलेल्या पानावर.

फाइल बँकेच्या वकिलाकडे गेली आणि तिथेच अडकली. आमच्या मालकांनी तो फ्लॅट 2011 मध्ये दुसऱ्या कुणाकडून घेतला होता. त्या पहिल्या माणसाने बिल्डरशी केलेला मूळ करारनामा कुठे आहे, असं वकिलांनी विचारलं. मालक म्हणाले, "आमच्याकडे झेरॉक्सच आहे, कोणी कधी विचारलं नाही." मग पोलिसांत कागद हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत. यात दोन महिने गेले. टोकनची मुदत उलटली आणि मुदत वाढवून देताना मालकांनी पन्नास हजार जास्त मागितले. जुन्या घराचं भाडं चालूच.

एवढ्यावर भागलं नाही. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात मालकाला पैसे देताना खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस (मालकाच्या नावे आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विवरण उशिरा भरलं की दिवसाला 200 रुपये लेट फी लागते, वर व्याज. आणखी एक गोष्ट सगळं झाल्यावर कळली. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत असते. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही. आम्ही जोडीने सह्या केल्या आणि 62 हजार सोडले.

हिशेब मांडला तर वाचवलेल्या सव्वा लाखातलं काहीच उरलं नव्हतं. नेहमी जुन्या फ्लॅटचे व्यवहार करणाऱ्या एजंटने "मूळ कागद दाखवा" हे पहिल्या भेटीतच विचारलं असतं. सवलतीचं त्याने चहा पितापिताच सांगितलं असतं.

चूक: एजंटकडून फक्त चाव्या मागणं

गेल्या वर्षी बहिणीसाठी घर बघताना मात्र मी कोथरूडमधले एक जुने एजंट गाठले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. बावधनच्या एका फ्लॅटमध्ये बहीण हॉलच्या मोठ्या खिडकीवर खूश होऊन उभी होती. काका म्हणाले, "ताई, हॉल कुठे पळत नाही. आधी बाथरूमचा नळ सोडा." धार बरी होती. तरी खाली उतरल्यावर त्यांनी वॉचमनला तंबाखू विचारली आणि जाताजाता म्हणाले, "मे महिन्यात टँकर किती येतात रे?" वॉचमन म्हणाला, "रोज तीन. गुरुवारी पाणी बंद असलं की पाच." बरोबर आलेले मालक मोबाइलमध्ये बघू लागले. काकांनी सोसायटीचा वर्षाचा हिशेब मागून घेतला आणि त्यातला टँकरचा खर्च बोट ठेवून दाखवला. तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. काकांचं ब्रोकरेज बुडालं, पण दीड महिन्यात त्यांनीच दुसरं घर मिळवून दिलं.

एजंटचा खरा फायदा असा कागदावर न येणाऱ्या माहितीत असतो. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. त्या भागात घर बघताना "पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?" हे तिथल्या एजंटला थेट विचारा. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर पुन्हा वेगळी झाली). जाहिरातीत 'पुणे महापालिका हद्द' लिहिलेलं असलं तरी पालिकेचं पाणी आणि ड्रेनेज त्या गल्लीत आलंय का, हे तिथे रोज फिरणारा माणूसच सांगतो. इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही विचारा. पुण्यात 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारती भरपूर आहेत आणि तिथे सोसायटी सभासदांना देते ते शेअर सर्टिफिकेट शोधत बसलात तर ते सापडणारच नाही. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) बघायचं असतं.

चूक: एजंट कुणाच्या पैशावर चालतो, हे न विचारणं

नव्या प्रकल्पात "सर, तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही" हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि ते खरंही असतं. अशा एजंटला चॅनेल पार्टनर म्हणतात आणि त्याला पैसे बिल्डर देतो. म्हणजे तो माणूस तुम्हाला घर दाखवतो, पण काम बिल्डरचं करतो. यात लबाडी नाही. फक्त 'हा प्रकल्प घेऊ की तो' हा सल्ला त्याच्याकडून घेताना दोन्हीकडचं कमिशन सारखं नसू शकतं, हे लक्षात ठेवा. जुन्या फ्लॅटमध्ये दोन्ही बाजूंनी ब्रोकरेज घेण्याची पद्धत आहे. तिथे एकच एजंट दोघांचा असेल, तर घासाघीस स्वतः करा.

साइट ऑफिसमधली एक गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. तिथे पहिल्यांदा ज्याच्यातर्फे तुमचा नंबर नोंदला जातो, त्याच्याच नावावर तुमची चौकशी काही काळ राहते. रविवारी सहज फिरायला म्हणून गेलात आणि फॉर्म भरून आलात, की आपल्या भरवशाच्या एजंटला नंतर त्या व्यवहारात हात घालता येत नाही. आधी माणूस ठरवा, मग साइटवर जा.

चूक: नंबर न तपासणं

रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवरचा कायदा, 1 मे 2017 पासून पूर्ण लागू आहे आणि महाराष्ट्रात तो राबवणारी संस्था म्हणजे महारेरा. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते, आणि 2023 च्या आदेशानंतर प्रशिक्षण आणि परीक्षाही. एजंटचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो, प्रकल्पाचा वेगळा. दोन्ही महारेराच्या साइटवर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. व्हिजिटिंग कार्डवर नंबर नसेल तर मागा. "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या.

वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतल्या फ्लॅटचे व्यवहार करणाऱ्या सगळ्यांकडे हा नंबर असेलच असं नाही. तिथे त्या भागातल्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना त्याचं नाव विचारा. कामाचा माणूस असेल तर ते ओळखतातच.

चूक: एजंट आहे म्हणून वकील नको

वकील हवाच. एजंट कागद जमवतो, वाचायचे वकिलाने. मुद्रांक विभागाच्या साइटवर इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा) स्वतःही शोधता येतो, पण तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांचा शोध, हे आपलं काम नव्हे. आणि कुणी गुंठ्यात प्लॉट दाखवून "सातबारा होऊन जाईल" म्हणत असेल, तर एजंटच्या शब्दावर जाऊ नका, आधी वकिलाला दाखवा.

चूक: ब्रोकरेज तोंडी ठरवणं

किती टक्के घ्यायचे हे कायद्याने ठरवलेलं नाही, म्हणून भांडणं होतात. पुण्यात खरेदीला साधारण एक ते दोन टक्के आणि भाड्याला एक महिन्याचं भाडं असा रिवाज आहे. टक्के कशावर, जीएसटी धरून की वर, आणि पैसे कधी, या तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. मी निम्मे करारनाम्याच्या नोंदणीला आणि निम्मे ताब्याला असं ठरवतो. ताब्याच्या दिवशी लाइटचं मीटर नावावर करायचं राहिलेलं असतं, आणि मालक फोन उचलत नसला तरी एजंट उचलतो.

भाड्याच्या घरात अकरा महिन्यांनी करार पुढे चालू ठेवतानाही पुन्हा महिन्याचं भाडं मागणारे भेटतात. पहिल्याच दिवशी "रिन्यूअलला किती?" विचारलंत तर बहुतेक वेळा फक्त कराराच्या खर्चावर भागतं. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे या भाड्याच्या कराराची, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. ती फी कुणी भरायची, हेही तेव्हाच बोलून घ्या.

टोकन देऊन अडकलात तर

आधी आणखी पैसे देणं थांबवा. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तेवढी गेली असेल तर करारनाम्याची तारीख लेखी मागा. एजंटने खोटं सांगून बुकिंग करवलं असेल तर महारेराकडे त्याच्याविरुद्धही तक्रार करता येते. जाहिरातीचं पत्रक, मेसेज, पावत्या जपून ठेवा. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात टोकनच्या पावतीवर एक ओळ आधीच लिहून घेतलेली असली तर सुटका सोपी होते: "कागदपत्रांत दोष निघाल्यास किंवा त्यामुळे बँकेने कर्ज नाकारल्यास टोकन पूर्ण परत." बहिणीच्या पावतीवर ही ओळ काकांनी स्वतःच्या पेनाने लिहिली आणि मालकांची सही बरोबर तिच्याखाली घेतली.