ईडिपसपासून सुरुवात: शोकनायक वाचायचा कसा

शोकनायकावर प्रश्न आला की बहुतेक उत्तरपत्रिकांत एक साचा दिसतो. नायक थोर असतो, पण त्याच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्या दोषापायी त्याचा नाश होतो. मग रिकाम्या जागी गर्व, राग, मत्सर, महत्त्वाकांक्षा यांतला एक शब्द बसवायचा. गाइडमधल्या या वाक्यावर गुण मिळतात, नाही असं नाही. पण नाटक प्रत्यक्ष हातात घेतलं की दुसऱ्याच प्रवेशात ते लंगडायला लागतं. बीए-एमएला किंवा नाट्यशास्त्राच्या वर्गात नव्याने बसणाऱ्यांनी हा साचा बाजूला ठेवून सुरुवात करावी.

ॲरिस्टॉटल वाचायलाच हवा, पण सगळा नको. ‘काव्यशास्त्रा’तली सहावं, अकरावं, तेरावं आणि चौदावं ही चार छोटी प्रकरणं एका बैठकीत होतात. सहाव्यात शोकांतिकेची व्याख्या आणि तिचे सहा घटक आहेत. त्यांत कथानक पहिलं, स्वभावचित्रण दुसरं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो. अकराव्यात विपर्यास आणि अभिज्ञान येतात, म्हणजे परिस्थिती उलटणं आणि खरं काय ते कळणं. तेराव्यात तो शब्द येतो, हमार्तिया. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणं. भाला फेकला, लागला भलतीकडे. त्याचं भाषांतर ‘स्वभावदोष’ असं केलं की अर्धी वाट तिथेच चुकते, कारण नेम चुकायला माणूस स्वभावाने वाईट असावा लागत नाही. समोरचं नीट दिसलं नाही तरी पुरतं. आणि ज्या ‘हुब्रिस’चा, म्हणजे उन्मत्तपणाचा, सगळीकडे उदोउदो असतो, तो शब्द ॲरिस्टॉटल हमार्तियाच्या चर्चेत वापरतच नाही.

आता वही. आडवं पान घ्या आणि चार रकाने आखा: या क्षणी नायकाला काय माहीत आहे, त्याच्यापुढे कोणत्या वाटा आहेत, त्याने कोणती धरली, आणि त्यातून लगेच काय झालं. पाचवा रकाना ‘गुणदोष’ असा आखायचा मोह होईल, तो टाळा. नाटक संपल्यावर त्यासाठी वेगळं पान आहेच. सोफोक्लिसचं ‘ईडिपस राजा’ जेमतेम दीड हजार ओळींचं आहे. मोठ्याने वाचलं तरी दोन-अडीच तासांत संपतं. पहिलं वाचन सलग करा, वही उघडू नका, प्रस्तावनाही नंतर. दुसऱ्या वाचनात रकाने भरा. भाषांतर निवडताना समासात ओळींचे आकडे असलेलं घ्या. मूळ ग्रीक ओळींचे आकडे पाळणारी दोन भाषांतरं शेजारी ठेवून पडताळता येतात. आणि वृंदगीतं, म्हणजे कोरसची गाणी, गाळू नका. थीब्जचे वृद्ध नागरिक राजावर कुठवर विश्वास ठेवतात आणि कुठे डळमळतात, हे त्या गाण्यांतच कळतं.

एक जागा जवळून पाहू. थीब्ज शहरात साथ पसरली आहे, आधीचा राजा लेयस याचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, म्हणून राजा ईडिपस त्याचा शोध घेतो आहे. लेयसची विधवा जोकास्टा आता ईडिपसची राणी आहे. नाटकाच्या साधारण मध्यावर जोकास्टा नवऱ्याला धीर देते आहे: भविष्यवाण्यांचं काय घेऊन बसलात, लेयसला म्हणे त्याच्या मुलाच्या हातून मरण होतं, प्रत्यक्षात त्याला तिठ्यावर परक्या लुटारूंनी मारलं. ती बोलते त्याची भीती घालवायला, पण ‘तीन रस्ते मिळतात तिथे’ हे शब्द त्याला टोचतात. तो विचारायला लागतो. जागा कुठली? केव्हाची गोष्ट? लेयस दिसायला कसा होता? बरोबर माणसं किती? पाच जण आणि एक गाडी, ती सांगते. ही पोलिसी चौकशी आहे, आणि चौकशी करणाराच आरोपी निघतो आहे. एकच धागा त्याला वाचवू शकतो: जिवंत परतलेल्या नोकराने ‘लुटारू’ असं अनेकवचन वापरलं होतं आणि ईडिपस तर एकटा होता. एक म्हणजे अनेक नव्हे, असं तो स्वतःच म्हणतो. म्हणून त्या नोकराला बोलावणं जातं.

तो नोकर येतो तेव्हा मात्र हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. मधल्या वेळात ईडिपस जिथे वाढला त्या कॉरिंथहून दूत आलेला असतो आणि चौकशी ‘लेयसला कुणी मारलं’ यावरून ‘मी कुणाचा’ यावर सरकलेली असते. वर, खुनाचा साक्षीदार आणि तान्ह्या ईडिपसला कॉरिंथच्या माणसाकडे सोपवणारा मेंढपाळ हा एकच इसम निघतो. पहिल्या वाचनात ही जागा सहज निसटते. दुसरा रकाना भरताना ‘विचारता आलं असतं, विचारलं नाही’ असं लिहावं लागतं तेव्हा लक्षात येते.

याच पानांवर ‘राग’ हे उत्तर तपासून बघा. आंधळा द्रष्टा टायरेसियस आणि जोकास्टाचा भाऊ क्रेऑन यांच्यावर ईडिपस भडकतो, खरंच आहे. पण त्या भडकण्याने त्याचा घात झाला का? चौथा रकाना म्हणतो, नाही. घात होतो तो शोध न सोडल्यामुळे. तीन जण त्याला थांबवू पाहतात: आधी टायरेसियस, मग जोकास्टा (तिला त्याच्याआधी कळलेलं असतं), शेवटी मेंढपाळ, मालक, आता पुढे विचारू नका म्हणून. तिन्ही वेळा तो विचारतो. ज्या बुद्धीने स्फिंक्स या राक्षसीचं कोडं सोडवून शहर वाचवलं, तीच इथे चालू आहे, आणि साथीत मरणाऱ्या शहरासाठीच चालू आहे. याला दोष म्हणायचं असेल तर निदान हात थरथरला पाहिजे.

‘सगळा नशिबाचा खेळ’ हे दुसरं आवडतं उत्तर. डेल्फीच्या अपोलो-मंदिरातलं भाकीत एवढंच: बापाला मारशील, आईशी लग्न करशील. हे दोन्ही नाटक सुरू व्हायच्या कितीतरी आधी घडून गेलेलं आहे. ते शोधून काढशील, असं भाकितात नाही. स्वतःचे डोळे फोडशील, असंही नाही. डोळ्यांबद्दल तर तो स्वतःच सांगतो की दुःख अपोलोने आणलं, पण हात माझा होता. परीक्षेत हा संदर्भ द्या, तीन परिच्छेद सिद्धांतापेक्षा जास्त वजन पडतं.

पद्धत बसली की दुसऱ्या नाटकांवर चालवा, पण रकान्यांकडून तेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. शेक्सपिअरच्या मॅकबेथचा पहिला रकाना भरगच्च असतो. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात तो स्वतःच कारणं मोजतो: राजा माझा नातलग, मी त्याचा प्रजाजन, शिवाय आज यजमान. सगळं माहीत असून तो मारतो. इथे हमार्तिया ओढूनताणून बसवण्यात अर्थ नाही, ॲरिस्टॉटल इ.स.पू. चौथ्या शतकात, मुख्यतः पाचव्या शतकातली ग्रीक नाटकं समोर ठेवून लिहीत होता, हे एकदा लिहून मोकळं व्हावं. लिअर राजाचा मोठा निर्णय, राज्य मुलींना वाटून टाकण्याचा, पहिल्याच प्रवेशात होऊन जातो. ‘नटसम्राट’ (1970) मध्ये अप्पासाहेब बेलवलकरही सुरुवातीलाच सगळं मुलांना वाटून टाकतात. पुढे दुसरा आणि तिसरा रकाना रिकामे पडत जातात आणि पहिला भरत राहतो. शोकात्मता तिथे सोसण्यात आणि उशिरा कळण्यात आहे. ‘एकच प्याला’तल्या सुधाकरची वही आणखी वेगळी. कोर्टातला अपमान, तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला, इथवर निवड त्याची. त्यानंतर निर्णय सुधाकर घेतो की दारू, ही ओळ कुठे आखायची यावर वर्गात भांडण होतंच, आणि ते व्हावं.

सोफोक्लिसचंच ‘अँटिगनी’ घ्याल तेव्हा दोन वह्या लागतील, एक तिची, एक क्रेऑनची. इथे राजा असलेल्या क्रेऑनने तिचा भाऊ पॉलिनायसीस याच्या प्रेताला माती द्यायला बंदी केली आहे, आणि ती मोडली म्हणून तिला गुहेत कोंडलं आहे. नायक कोण, हा वाद आधी सोडवायला बसू नका, दोन्ही भरा. क्रेऑनच्या वहीत शेवटून एक नोंद काळजीपूर्वक करा. तो अखेर वाकतो तेव्हा वृद्ध नागरिक त्याला क्रम सांगतात: आधी मुलीला गुहेतून सोडव, मग प्रेताला माती दे. तो निघतो तातडीनेच, पण आधी मैदानात जातो. पॉलिनायसीसचे अवशेष धुवून, दहन करून, वर मातीचा उंचवटा रचून मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो.