आढीत हात घालण्याआधी

आंबे पिकवायला पेंढ्यात थराथराने रचतात ती आढी. तिची ऊब हाताने पाहता येते, पण हाताला नेमकं काय कळतं ते आधी नीट समजून घ्या. जानेवारीत पहाटे विळीच्या पात्याला बाजूने बोट लावा आणि मग तिच्याच पाटाला. पातं गारढोण, पाट नाही. खरं तर रात्रभर दोन्ही एकाच स्वयंपाकघरात पडून आहेत, तापमान एकच, समजा २० अंश. हाताची कातडी साधारण ३२ ते ३४ अंशांवर असते. लोखंड तिच्यातली ऊब झपाट्याने ओढून घेतं आणि आत पसरवून टाकतं. लाकडाला ते जमत नाही, त्यामुळे बोटाखालची जागा तेवढ्यापुरती कोमट होऊन बसते. म्हणजे ऊब किती वेगाने जातेय किंवा येतेय, एवढंच हात सांगतो. अंश सांगत नाही.

पटत नसेल तर बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक थंड लोखंडी तव्यावर ठेवा, एक पोळपाटावर. ‘गार’ तव्यावरचाच आधी वितळतो.

आमच्या गुहागरकडे मे महिन्यात हा विळीचा खेळ चालत नाही. सावलीतली हवाच ३३ अंशांच्या आसपास, म्हणजे हाताइतकी. मग पातं नि पाट दोन्ही सारखेच लागतात. उन्हात मात्र उलटा प्रकार. धोपाव्याहून दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीचा लोखंडी कठडा दुपारी धरून बघा, म्हणजे लोखंड ऊब देतंही किती वेगाने ते कळेल. (बघा म्हटलं तरी धरू नका.)

आता आढी. आंबा पिकताना श्वास घेतो, आतली साखर जळते आणि उष्णता सुटते. थर जास्त चढवले, हवा खेळली नाही, की मधला माल तापतो आणि डागाळतो. म्हणून आढी रोज बघायची. बहुतेक जण पेंढ्यात हात खुपसतात आणि ‘ऊब धरली हो’ म्हणून मोकळे होतात. पेंढा हाताची ऊब नेतच नाही, तो नेहमीच उबदार लागणार. त्याला विचारून उपयोग नाही, फळाला विचारा.

मी असं करतो. आढी लावतानाच त्याच मालातला, तेवढ्याच आकाराचा एक आंबा त्याच खोलीत वेगळा ठेवतो, जमिनीवर नाही, पेंढ्याच्या चिमटीवर. बघायच्या वेळी आधी पंखा बंद. हात कोरडा पुसायचा, कारण घाम वाळताना हात गार पडतो आणि मग सगळंच गरम वाटतं. बोटांची मागची बाजू बाहेरच्या आंब्याला लावायची, क्षणभर थांबून उचलायची. मग पेंढा बाजूला सारून मधल्या थरातल्या आंब्याला तीच बोटं, तशीच. पहिल्या टेकीला जे कळतं ते खरं. हात तसाच ठेवलात तर कातडी सरावते आणि फरक बुजतो. आतला आंबा स्पष्ट गरम लागला तर आढी उकलायची, थर कमी करायचे. थोडासा ऊबदार असेल तर राहू द्या, पिकतोय तो. तळहात वापरू नका. कोयता-कुदळ धरून धरून माझ्या तळहाताची कातडी जाड झालीय, तिला बारीक फरक कळत नाही.

आणि आधी हात कशात होता तेही बघा. एक हात गार पाण्यात, दुसरा सोसवेल अशा गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून दोन्ही कोमट पाण्यात घाला. तेच पाणी एका हाताला गरम, दुसऱ्याला गार लागतं. जॉन लॉक या इंग्रज विचारवंताने १६९० मध्येच हे लिहून ठेवलंय. बर्फातली मासळी निवडून आलेल्या हाताने आंबा काय, काहीच तपासू नये.

मिरच्या चिरलेल्या हातानेही नको. मिरचीतलं कॅप्सायसिन कातडीतल्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवतं, तोच ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो शोधला आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पुदिन्याच्या अर्काचा बाम चोळलेला हात उलटी खोड करतो, त्याला उगीचच गार वाटतं.

दह्याचं खातं आमच्या मंडळींकडे. करंगळी दुधात बुडवून सहज ठेवता आली, पण ‘गरम आहे’ असं वाटत राहिलं, की विरजण. त्यात मी बोलत नाही.

आंघोळीच्या पाण्याला मात्र बोट पुरेसं नाही. बंबातलं कढत पाणी बादलीत वरच तरंगतं, तेव्हा आधी तळापासून ढवळा, मग कोपर बुडवा. घरात मधुमेहाचं जुनं माणूस असेल तर त्याच्या हाता-पायांवर विसंबू नका. नसा बधिर झालेल्या असू शकतात, मग चटका बसल्याचं कळतही नाही. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. त्यांचं पाणी दुसऱ्याने बघावं, नाहीतर साधा थर्मामीटर न्हाणीघरात टांगून ठेवावा. ३७-३८ अंश पुरे.