केपटाउन सायकल टूर: १०९ किलोमीटर आणि समोरचा वारा

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन सायकल टूर या १०९ किलोमीटरच्या शर्यतीला निघणारे आपल्याकडचे बहुतेक सायकलस्वार चढांचा धसका घेतात. एकूण चढण सुमारे १,२०० मीटर आहे. सिंहगड एका सकाळी दोनदा चढणाऱ्याला ती जड नाही. खरी परीक्षा वाऱ्याची असते. आग्नेयेकडून येणाऱ्या या वाऱ्याला तिथे ‘साउथ-ईस्टर’ म्हणतात. २०१७ मध्ये त्याच्यामुळे शर्यत सुरुवातीलाच थांबवून रद्द करावी लागली. सायकलवर बसणं सोडाच, ती हातात धरून उभं राहणंही लोकांना जमत नव्हतं. त्यामुळे तयारीत वाऱ्याला पहिलं स्थान द्या.

शर्यत मार्चच्या दुसऱ्या रविवारी असते. १९७८ मध्ये सायकलसाठी वेगळ्या वाटा मिळाव्यात या मागणीतून ती सुरू झाली. आज तीस हजारांच्या आसपास लोक एकाच दिवशी या रस्त्यावर उतरतात. एवढी गर्दी गटागटाने सोडतात आणि गट तुमच्या आधीच्या शर्यतींतल्या वेळेवरून ठरतो. मान्य वेळ नसेल तर मागचा गट मिळतो. याचा फटका दुहेरी आहे. दिवस चढतो तसा वारा आणि ऊन दोन्ही वाढतात आणि पुढे कमी सराव असलेल्यांची गर्दी लागते. म्हणून नोंदणी करतानाच आयोजकांना विचारा की भारतातल्या कोणत्या शर्यतीची वेळ ते धरतील.

सरावासाठी चढ पुण्याजवळ भरपूर आहेत. बोपदेव आणि जुना कात्रज घाट पुरेसे आहेत. वाऱ्यासाठी मात्र वेगळी सोय करावी लागते. फेब्रुवारीतल्या दुपारी अलिबाग-रेवदंड्याकडे समुद्रावरून येणारा वारा किंवा साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार यासाठी चांगलं. तिथे पुढच्याच्या आडोशाने वारा टाळत, चार-पाच जणांच्या रांगेत, पुढच्याच्या मागच्या चाकापासून अर्धा-पाऊण मीटर अंतर ठेवून चालवायला शिका. पुढे राहण्याची पाळी एका मिनिटाहून लांबवू नका. घोळक्यात चालवता येत नसेल, तर ताकद कितीही असो, साउथ-ईस्टरच्या दिवशी तुमचे हाल होतात.

आता सायकल. पुढचं चाक ३०-३५ मिलिमीटरपेक्षा खोल रिमचं (टायर बसतो त्या कड्याची उंची) नको. बाजूच्या झोताने खोल रिमचं चाक हँडल हिसकावून घेतं. टायर २८ मिलिमीटरचे ठेवा. ७० किलोच्या माणसाने पुढे ६५ आणि मागे ७० पीएसआयच्या आसपास हवा भरावी. गिअर पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ दातांचे असले की कुठेही उतरावं लागत नाही.

विमानासाठी खोक्यात भरताना आधी सीटपोस्ट (सीटची दांडी) फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे चिकटपट्टीने खूण करा आणि मग ती काढा. डाव्या पेडलची आटी उलटी असते, म्हणून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मागचं डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने सोडवा, कापडात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. हे टाळलं तर खोकं आपटल्यावर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो आणि गिअर आपोआप उड्या मारू लागतात. म्हणून जादा हँगर बरोबर हवाच, कारण तुमच्या फ्रेमला बसणारा हँगर परक्या गावात शनिवारी संध्याकाळी मिळेल याची खात्री नसते. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत प्लास्टिकची चकती किंवा जाड पुठ्ठा घाला. नाहीतर लिव्हर चुकून दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटून बसतात. टायरमध्ये झटपट हवा भरणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नळ्यांवर बऱ्याच विमान कंपन्यांची बंदी असते. त्या तिथेच घ्या, इथून हातपंप न्या. जोडताना स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा, बहुधा तो ५ न्यूटन-मीटर असतो.

भारतीयांना व्हिसा लागतो. इथिओपिया किंवा केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा नियम तिकिटाआधी तपासा. लशीचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो. गुरुवारपर्यंत पोहोचा. नंबर आणि वेळेची चिप शर्यतीआधीच घ्यायची असते, आणि शनिवारी तासभर सायकल चालवून सगळं नीट बसलंय ना ते पाहायला हवं.

शर्यत शहराच्या मध्यातून सुटते आणि लगेच हॉस्पिटल बेंडचा चढ लागतो. अंग गार असतं, आजूबाजूचे सुसाट निघतात आणि निम्मे लोक इथेच पाय जाळून घेतात. बोलता येईल इतक्याच जोराने चढा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे हळू जाणाऱ्याने डावी बाजू धरायची. रस्त्यातल्या उंचवट्याच्या रिफ्लेक्टरवर चाक नेऊ नका, बाटल्या उडतात आणि माणसंही पडतात.

म्युझेनबर्गपासून सायमन्स टाउनपर्यंत फॉल्स बेच्या काठाने जाताना वारा समोरून किंवा तिरका लागतो. इथे एकट्याने झुंजू नका. पुढचा घोळका सुटला असेल तर पाठलाग सोडा आणि मागून येणाऱ्यांत मिसळा. स्मिट्सविंकलचा चढ संपून केप पॉइंटच्या फाट्यापुढे रस्ता वळला की तोच वारा पाठीशी येतो. स्कारबरोकडे उतरताना वेग भराभर वाढतो. हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर), कोपर सैल, गुडघा वरच्या नळीला टेकलेला: असं धरलं की झोताने सायकल थरथरत नाही.

चॅपमन्स पीक हा शर्यतीतला सर्वांत देखणा भाग. ९ किलोमीटरमध्ये ११४ वळणं कड्यात कोरलेली आहेत. चढ सौम्य आहे. डोंगर वारा अडवतो, पण वळणावर तो अचानक अंगावर येतो, म्हणून हाउट बेकडे उतरताना ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. मग सुमारे ९० किलोमीटर झाल्यावर सायकरबोसी येतो. जेमतेम दोन किलोमीटरचा चढ, पण दमलेल्या पायांना तो फार लांब वाटतो. पहिल्या वळणापासूनच हलका गिअर घ्या आणि मिनिटाला ७०-८० पेडल फेऱ्या ठेवा. बसूनच चढा. पेटके येणाऱ्यांपैकी बरेच जण अचानक उभं राहून जोर लावतात तेव्हाच अडकतात.

खाण्याचा हिशोब सोपा आहे. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पाच तासांना ३०० ग्रॅम. एका केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, प्रत्येकीत पाव चमचा मीठ. पहिला घास अर्ध्या तासातच घ्या. समोरच्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो, तहान जाणवत नाही आणि पाणी मागे पडतं.

वेळेची मर्यादा ७ तास आहे, म्हणजे थांबे धरून ताशी साडेपंधरा किलोमीटर. सायकरबोसीच्या माथ्यापासून कॅम्प्स बे आणि सी पॉइंटमार्गे ग्रीन पॉइंटपर्यंत बहुतेक उतार आणि सपाटीच आहे, तरी शेवटच्या किलोमीटरमध्ये थकलेल्यांची चाकं वाकडीतिकडी चालतात. दोन्ही हात ब्रेकवर ठेवा, रेषा ओलांडल्यावर लगेच थांबू नका, मागून माणसं येतच असतात.