घराण्याचा आणि त्याच्या व्यवसायाचा माग कसा काढावा

सुरुवात घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापासून करावी आणि मूळ गाव, कुलदैवत व जुने आडनाव विचारून लिहून ठेवावे, कारण पुढचा सारा शोध गावाच्या नावावरच चालतो. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजांची नावे, कधी त्यांच्या सह्याही सापडतात. आपल्या खापरपणजोबांच्या नावावरून बोट फिरवताना मन भरून येते.

व्यवसाय मात्र सरकारी कागदांत शोधावा. तहसील कार्यालयातील जुना गाव नमुना 14, म्हणजे पूर्वीची जन्ममृत्यूची नोंदवही, आणि जुन्या शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर आधी पाहावे. सुतार, लोहार, कुंभार अशा बलुतेदार घराण्यांनी फेरफार नोंदी, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या नोंदी, अवश्य तपासाव्यात, कारण तत्कालीन मुंबई राज्यात 1953 च्या कायद्याने गावकीची सेवा इनामे (गावाच्या कामाच्या मोबदल्यात दिलेल्या जमिनी) रद्द झाली आणि कोणत्या कामासाठी जमीन दिली होती, हे त्या नोंदींतून कळू शकते. जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात, म्हणून जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे. केवळ आडनावावरून धंदा ठरवू नये; कुलकर्णीपण, म्हणजे गावाचे हिशेब ठेवण्याचे काम, गेल्यावरही आडनाव राहिलेली घरे गावोगाव आहेत.