शेपिंगचा आकडा बरोबर, तरी आवाज तुटतोय? टीसी बघा

क्यूओएसची (लिंक भरली की कुठल्या पॅकेटाला आधी सोडायचं याचे नियम) तोंडओळख तुम्हाला आहे असं धरतो. व्हॉइसला ईएफ मार्किंग ('हे तातडीचं' अशी पॅकेटावरची खूण), एलएलक्यूमध्ये (तातडीच्या पॅकेटांना सगळ्यांत पुढे काढणारी रांग) प्रायॉरिटी, वगैरे. शेपर (बाहेर जाणारा सरासरी वेग ठरलेल्या आकड्यात ठेवणारी राउटरची सोय) का लागतो तेही ठाऊक असेल: पोर्ट १०० एमबीपीएसचा आणि प्रोव्हायडरकडून घेतलेले फक्त २, तर राउटरच्या लेखी गर्दी कधी होतच नाही. एलएलक्यू बसून राहतो आणि जादा पॅकेटं प्रोव्हायडरचा पोलिसर (मर्यादेबाहेरचं फेकणारा पहारेकरी) व्हॉइस की फाइल हे न बघता टाकून देतो. म्हणून वरच्या पॉलिसीत २ एमबीपीएसचा शेपर आणि त्याच्या पोटात एलएलक्यू. इथपर्यंत कुणीही पोचतो.

मला रडवलं ते यापुढच्या गोष्टीनं. ग्राफ सपाट, प्रायॉरिटी क्यूत एकही ड्रॉप नाही, आणि तरी फाइल कॉपी सुरू झाली की कॉलवरचा माणूस अडखळत बोलतो.

शेपर '२ एमबीपीएस' वेगानं काही पाठवत नाही, हे आधी डोक्यात घट्ट बसवा. पोर्ट नेहमी १०० नेच पाठवतो. शेपर फक्त पाठवतो, थांबतो, पुन्हा पाठवतो. एका फेरीचा वेळ म्हणजे टीसी, आणि एका फेरीत सोडायचे बिट म्हणजे बीसी. टीसी बरोबर बीसी भागिले सीआयआर (शेपरला दिलेला सरासरी वेग, इथे २ एमबीपीएस). सिस्कोच्या फ्रेम रिले शेपिंगमध्ये टीसीचा डिफॉल्ट १२५ मिलिसेकंद होता. तोच आकडा इथे घाला: बीसी अडीच लाख बिट. १०० एमबीपीएसनं ते अडीच मिलिसेकंदांत संपतात. उरलेले एकशे साडेबावीस मिलिसेकंद सगळं ठप्प! व्हॉइसचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येतं, म्हणजे तेवढ्यात सहाएक पॅकेटं साचतात आणि मग एकदम सुटतात. पलीकडच्या जिटर बफरला (पॅकेटं क्षणभर साठवून एका लयीत वाजवणारी जागा) ती उशिरा पोचलेली वाटतात, तो फेकून देतो. प्रायॉरिटी असून उपयोग शून्य, कारण रुग्णवाहिका रांगेत पहिली असली तरी फाटकच बंद आहे.

व्हॉइससाठी टीसी १० मिलिसेकंद ठेवा. बीसी म्हणजे सीआयआर भागिले शंभर, इथे २०,०००. ओळ अशी: 'शेप ॲव्हरेज २०००००० २०००० ०'. शेवटचं शून्य म्हणजे बीई, बीसीवर जादा सोडायची सूट. बऱ्याच नव्या राउटरांवर ही फेरी आपोआप छोटी असते, पण 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' ही कमांड चालवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आणि पाच मिनिटांच्या सरासरीचा ग्राफ यात काहीच दाखवत नाही. त्यावरून 'लिंक ठीक आहे' म्हणणाऱ्याला खुशाल दुर्लक्षा.

कुणाच्या तरी कॉन्फिगमधल्या ओळी उचलून चिकटवणं मला मुळीच पटत नाही. त्यातला बीसी त्यांच्या लिंकचा असतो. 'बँडविड्थ वाढवून घे' एवढाच सल्ला देणाऱ्या सीनियरपेक्षा 'कागदावर गणित मांड' म्हणणारा शंभरपट बरा. घाबरू नका, गणित एवढंच आहे, भागाकाराच्या पलीकडे काही नाही.

आता उरलेलं पटकन. शेपरचा आकडा कराराच्या आकड्याला चिकटवू नका, थोडा खाली ठेवा. प्रोव्हायडर बहुतेकदा इथरनेटचं हेडरही मोजतो, आणि व्हॉइसची पॅकेटं छोटी असल्यानं तिथेच मार बसतो: जी.७२९ चा (आवाज दाबून छोटा करणारा कोडेक) कॉल आयपीच्या हिशेबात २४ केबीपीएस, इथरनेटचे १८ बाइट धरले की ३१.२.

तुमचा शेपर फक्त बाहेर जाणारं सावरतो. त्यांना तुम्ही स्वच्छ ऐकू येता आणि तुम्हाला ते तुटक, असं असेल तर तुमच्या राउटरवर रात्र घालवू नका, पलीकडच्या टोकाचा शेपर उघडा.

चाचणी रिकाम्या लिंकवर केली तर ती केलीच नाही असं समजा. दोन्ही दिशांना मोठी फाइल लावा, लिंक भरू द्या, मग कॉल लावून दोन्हीकडून एक ते वीस आकडे मोजायला सांगा. कुठला आकडा गिळला जातो ते लगेच कळतं.