दोन चेनवर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता एकच कसा आणला

राजारामपुरीतल्या ऑफिसात गुळाच्या लॉटची नोंद ठेवणारं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम, दोन चेनवर एकाच पत्त्यावर हवं होतं. क्रिएट२ (पत्ता आधीच काढता येतो अशी कॉन्ट्रॅक्ट तयार करायची आज्ञा) वापरलं; फॅक्टरीचा, म्हणजे आमचं कॉन्ट्रॅक्ट तयार करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा, पत्ता तोच, सॉल्ट (आपण निवडलेला आकडा) तोच, तरी पत्ते वेगळे. "भावा, सॉल्ट बदललास काय?" शेजारच्याचा प्रश्न. सॉल्ट नव्हे, इनिट कोड, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट उभं करणारा कोड, बदलत होता. पत्ता म्हणजे एफएफ बाइट, फॅक्टरीचा पत्ता, सॉल्ट आणि इनिट कोडचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) यांच्या केकॅक-२५६ हॅशचे शेवटचे २० बाइट. कन्स्ट्रक्टरला (कॉन्ट्रॅक्ट तयार होताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनला) दिलेला टोकनचा पत्ता इनिट कोडच्या शेवटी चिकटतो, आणि तो प्रत्येक चेनवर निराळा! तो पत्ता इनिशियलाइज या वेगळ्या, कॉन्ट्रॅक्ट तयार झाल्यावर बोलवायच्या फंक्शनमध्ये हलवला. पण ते फंक्शन डिप्लॉयच्याच (कॉन्ट्रॅक्ट चेनवर चढवायच्याच) ट्रान्झॅक्शनमध्ये फॅक्टरीतून बोलवा, नाहीतर मधल्या मधे दुसराच कोणीतरी मालक होऊन बसायचा. सॉलिडिटी (कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) कोडच्या शेवटी जोडते तो मेटाडेटा हॅशही बंद केला. नुसती कॉमेंट बदलली तरी हा हॅश बदलतो आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही बदलून टाकतो.