भौतिकशास्त्राच्या पेपरसाठी गणिताची उजळणी गटाने कशी करावी

बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षात किंवा एमएस्सीच्या पहिल्या सत्रात एक अनुभव बहुतेकांना येतो. पॉइंट चार्ज समजलेला असतो, वेव्ह इक्वेशन तोंडपाठ असतं, तरी उत्तरात २ पाय (२π) कुठेतरी जास्तीचा येतो आणि तो कुठून आला ते सापडत नाही. अशी चूक एकट्याने शोधताना तास जातो, कारण आपलीच ओळ आपल्याला बरोबर दिसते. शेजारचा विचारतो, "हे कुठून आलं?" आणि उत्तर देता देता ती सापडते. म्हणून या विषयाची उजळणी गटाने करावी, मात्र पद्धत ठरवून करावी.

माणसं, जागा, वेळ

गट तीन किंवा चार जणांचा हवा. पाचवा आला की दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात. रिकाम्या वर्गातला फळा सगळ्यात उत्तम. तो नसेल तर मोठा कागद टेबलाच्या मधोमध ठेवा, म्हणजे सगळ्यांचे डोळे एकाच ओळीवर राहतात. प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं आणि मध्येच डोकावायचं, याला चर्चा म्हणता येत नाही.

एक बैठक दीड तासाची, विषय एकच. गणितं आदल्या दिवशी ठरवा, तीनच पुरेत. आयत्या वेळी पुस्तक चाळत बसलं की पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.

आधी खुणा ठरवा

गटातले निम्मे वाद इथेच मिटतात. गोलीय निर्देशांकांत (बिंदूची जागा अंतर आर आणि थीटा, फाय या दोन कोनांनी सांगताना) भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत थीटा हा झेड अक्षापासून मोजतात, ० ते पाय, आणि फाय हा त्या अक्षाभोवती, ० ते २ पाय. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत हीच नावं उलटी असतात. एक जण एका पुस्तकातून आणि दुसरा दुसऱ्यातून शिकला असेल, तर साइन थीटा कुठे लावायचा यावर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि एकत्र आलं की उत्तर चुकतं.

फूरिए ट्रान्सफॉर्मचंही (फंक्शन वारंवारतांमध्ये मांडणं आणि परत आणणं) तसंच. कोणी दोन्ही बाजूंना १/√(२ पाय) घेतं, कोणी एकाच बाजूला १/(२ पाय). दोन्ही चालतं, पण जाण्याचं सूत्र एका पुस्तकातून आणि परत येण्याचं दुसऱ्यातून घेतलं की गाडी घसरते. तपासणी सोपी आहे. कोनीय वारंवारतेत लिहिलं असेल, तर दोन्ही बाजूंच्या सहगुणकांचा गुणाकार १/(२ पाय) यायला हवा. ठरलेल्या खुणा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, चौकट करा आणि बैठक संपेपर्यंत पुसू नका.

खडू कोणाच्या हातात?

पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून गणित एकट्याने करून पाहावं. मग ज्याला सगळ्यात कमी खात्री आहे त्याने फळ्यावर जावं. हुशार मुलाने सोडवून दाखवलं की बाकीचे माना डोलावतात, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत तीच ओळ आठवत नाही. बसलेल्यांनी पुढची पायरी सांगायची नाही, फक्त प्रश्न विचारायचे. फळ्यावरचा अडला तर दोन मिनिटं थांबा. ही दोन मिनिटं फार लांब वाटतात, पण खरं शिकणं तिथेच होतं.

एक गणित जवळून

गटासाठी सर्वांत चांगलं गणित म्हणजे १/आर² या क्षेत्राचं डायव्हर्जन्स, म्हणजे एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरतं याचं माप. क्षेत्राची दिशा आर युनिट व्हेक्टरची.

पहिली चूक बहुधा लगेच येते. फळ्यावरचा थेट डेरिव्हेटिव्ह घेतो आणि −२/आर³ लिहितो. कार्टेशियनमधली ती सवय आहे. गोलीय निर्देशांकांत आर वाढला की गोलाचं पृष्ठफळही आर² प्रमाणे वाढतं, म्हणून आधी क्षेत्राला आर² ने गुणायचं, मग डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, मग आर² ने भागायचं. असं केलं की आर² गुणिले १/आर² बरोबर १, त्याचा डेरिव्हेटिव्ह शून्य. डायव्हर्जन्स शून्य.

आता कोणीतरी विचारलंच पाहिजे: मग फ्लक्स, म्हणजे गोलाच्या पृष्ठातून बाहेर जाणारं एकूण क्षेत्र, किती? त्रिज्या मोठा आर असलेल्या गोलावर क्षेत्र १/आर², पृष्ठफळ ४ पाय आर², म्हणजे फ्लक्स ४ पाय. आत डायव्हर्जन्स शून्य आणि बाहेर फ्लक्स ४ पाय, तर गॉसचा डायव्हर्जन्स थिअरम (आतल्या डायव्हर्जन्सचं इंटिग्रल म्हणजेच बाहेरचा फ्लक्स) मोडला का?

इथे घाई करून उत्तर सांगू नका. सगळ्यांना मधोमध एक छोटा गोल कापून काढायला सांगा. उरलेल्या जाड कवचात बाहेरून ४ पाय जातो, आतल्या पृष्ठावरून ४ पाय येतो, निव्वळ शून्य. थिअरम नीट चालतो. अडचण फक्त केंद्रबिंदूवर आहे, कारण तिथे आर शून्य होतो आणि आपलं सूत्र काहीच सांगू शकत नाही. सगळा ४ पाय त्या एका बिंदूत साठलेला आहे, म्हणून डायव्हर्जन्स ४ पाय गुणिले डायरॅक डेल्टा (बाकी सगळीकडे शून्य, पण एकूण इंटिग्रल १) असं लिहितात.

मग प्रश्न थोडा वळवा: क्षेत्र १/आर³ असतं तर? फ्लक्स ४ पाय/आर येतो, म्हणजे तो गोलाच्या आकारावर अवलंबून राहतो. गोल कितीही मोठा घेतला तरी फ्लक्स तोच राहणं हे व्यस्त वर्गाचंच वैशिष्ट्य आहे. गॉसचा नियम (बंद पृष्ठातला फ्लक्स आतल्या चार्जवरच ठरतो) कूलॉमच्या, म्हणजे चार्जांमधल्या व्यस्त वर्गाच्या बलाला का लागू पडतो हे इथे डोळ्यांसमोर दिसतं, आणि नंतर तो पाठ करावा लागत नाही.

फूरिए मालिका: जिथे हमखास चुकतं

फूरिए मालिका म्हणजे फंक्शन साइन आणि कोसाइनच्या बेरजेत मांडणं. −पाय ते ० मध्ये −१ आणि ० ते पाय मध्ये +१ अशी स्क्वेअर वेव्ह घ्या. फंक्शन विषम आहे, त्यामुळे कोसाइनची पदं येतच नाहीत. हे आधी बोलून घेतलं की अर्धं इंटिग्रेशन वाचतं. साइनचा सहगुणक (२/एन पाय) गुणिले (१ − कोस एन पाय). नेहमीची चूक म्हणजे कोस एन पायच्या जागी सरसकट −१ लिहिणं. तो (−१) चा एनवा घात आहे, म्हणून सम पदं शून्य आणि विषम पदं ४/(एन पाय).

पडताळा लगेच घ्या. एक्स बरोबर पाय/२ ठेवला आणि पहिली चार शून्येतर पदं घेतली तर ०.९२ येतं, यायला हवं १. गाडी बरोबर चालली आहे. उडीच्या कडेला मात्र मालिका उडीच्या सुमारे ९ टक्के वर उसळते. पदं वाढवली की ही उसळी नाहीशी होईल असं गटात कोणीतरी हमखास म्हणतं. ती अरुंद होत कडेकडे सरकते, तिची उंची ९ टक्क्यांच्या आसपासच राहते.

उत्तर आल्यावर

मिती (एकक जुळतं का ते) तपासा. ई^(−ए एक्स²) चं −∞ ते ∞ इंटिग्रल √(पाय/ए) असतं. एक्स लांबी असेल तर ए म्हणजे १/लांबी², आणि उत्तर लांबीत येतं, ठीक. हेच वेव्ह फंक्शन असेल, तर ते नॉर्मलाइझ करताना (त्याच्या वर्गाचं इंटिग्रल १ करताना) वर्ग केल्यावर घातांकात २ ए होतो आणि उत्तर √(पाय/२ए) होतं. हा २ विसरणारे फार. ० पासून इंटिग्रेशन असेल तर निम्मं.

जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे जास्तच मनावर घ्यावं. फिजिक्सच्या पेपरात ३ तासांत ६० प्रश्न असतात, आणि त्यातल्या २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडाच भरावा लागतो. तिथे २ चा सहगुणक हुकला तर सावरायला जागा नाही.

शेवटची पंधरा मिनिटं चुकांच्या वहीसाठी ठेवा. चुकलेली ओळ, बरोबर ओळ आणि चूक का झाली याचं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर एकट्याने, घड्याळ लावून सोडवा. पुन्हा तिथेच अडलात तर पुढच्या बैठकीत खडू तुमच्या हातात.